खालच्या मजल्यावरचा अंधार

"हियाम, किती गं अंधार झालाय घरात," फ्रेहा म्हणाली.

"हो ना मावशी, झालाय खरा," हियाम म्हणाली, आणि जिथे होती तिथेच उभी राहिली.

इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी बाजारातून परतताना पहिल्या मजल्यावरचं फ्रेहाचं दार किलकिलं दिसलं, की आत काहीतरी अडलंय हे हियामला न सांगता कळायचं. दार किलकिलं ठेवणं हाच निरोप असे. आजही तिने संत्र्यांची पिशवी उंबऱ्याशी टेकवली होती, आत येऊन बैठकीच्या दाराजवळचं स्टूल ओढलं होतं, वरच्या वीजपेटीपर्यंत हात पोचावा म्हणून एक पाय स्टुलावर ठेवलाही होता. म्हातारीने हॉटप्लेट, पाण्याचं भांडं आणि हीटर तिन्ही एकदम लावून ठेवलेली दिसत होती. त्या जुन्या तारांना तेवढं सोसवत नाही, पेटीतला खटका पडतो, आणि एकदा सूर्य मावळून शब्बाथ, ज्यूंचा विसाव्याचा दिवस, सुरू झाला की फ्रेहा विजेच्या खटक्याला बोट लावणार नाही. घरात उजेड होता तो टेबलावरच्या तबकातल्या दोन मेणबत्त्यांचा. त्याच उजेडात हियामला कपाटावर ठेवलेला नवा फोटो दिसला. ठेवलेला पाय तिने खाली घेतला. मग फ्रेहा अंधाराबद्दल बोलली, आणि हियामने, जणू अंधार ही हवापाण्याची गोष्ट असावी, तसा तिला दुजोरा दिला.

हे सगळं आडून बोलण्यावर चालायचं. फ्रेहाला शब्बाथच्या दिवशी वीज चालू करायची नाही, बंद करायची नाही, आणि दुसऱ्या कुणाला 'करून दे' असं सांगायचंही नाही. सांगितलं की ते तिनेच केल्यासारखं. पण अंधार झालाय, गारठा पडलाय, पंख्याचा वारा अंगावर येतोय, असं बोलायला काय हरकत आहे? आणि वरच्या मजल्यावरच्या अरब शेजारणीला ते ऐकू गेलं, तिने आपल्या मनाने हात पुढे केला, तर त्यात फ्रेहाचा काय दोष? लग्न होऊन हियाम या इमारतीत आली, त्याच हिवाळ्यात हे तिला कळलं होतं. पहिल्या खेपेला म्हातारी, म्हणजे तेव्हा म्हातारी नव्हती ती, जिन्यात उभी राहून "आमच्याकडे फार गार पडलंय हो" असं तीनदा म्हणाली होती, आणि हियाम तीनदा "आमच्याकडेही" म्हणाली होती. मग फ्रेहाने कपाळाला हात लावून, आपल्या मोरोक्कोच्या खडबडीत अरबीत, ही पोरगी कुठल्या देशातून आली आहे असं देवालाच विचारलं होतं. दोघी हसून हसून जिन्यावर बसल्या होत्या. तेव्हापासून हियाम तरबेज झाली. नुसत्या खोकण्यावरून तिला कळायचं, खिडकी की हीटर. फ्रेहाच्या मुलाने मध्यंतरी वेळ लावली की वीज आपोआप चालू-बंद करणारं शब्बाथचं घड्याळ आणून दिलं, तर फ्रेहाने ते खणात टाकलं. म्हणाली, घड्याळाला गप्पा मारता येत नाहीत.

आणि हियामला या कामाचा कधी कमीपणा वाटला नव्हता, हे तिने स्वतःशी आत्ताही खणखणीतपणे कबूल केलं. ती कुणाची मोलकरीण नव्हती. बंदराजवळच्या दातांच्या लॅबमध्ये तिच्याइतकी चांगली कवळी कुणी बनवत नाही हे अर्ध्या हैफाला ठाऊक होतं. डॉक्टर तिचं नाव सांगून साचे पाठवायचे. फ्रेहाची कवळीही तिनेच केली होती. त्या म्हातारीचा जबडा तिने मेणात आणि प्लास्टरमध्ये हातात धरून पाहिला होता, डावीकडे तो किंचित घसरतो हे तिला माहीत होतं, आणि त्यासाठी तिने एक दाढ मुद्दाम केसभर उंच ठेवली होती. फ्रेहा रेडिओसमोर बसून अरबांच्या नावाने दातओठ खायची तेव्हा हियाम म्हणायची, "खा मावशी, पण जपून, दात माझे आहेत." फ्रेहा कवळी वाजवून दाखवायची. लमीसला, हियामच्या मुलीला, हे मुळीच हसण्यासारखं वाटत नसे. लमीस डॉक्टरीच्या तिसऱ्या वर्षाला होती आणि तिचं सगळं बोलणं हल्ली वस्तऱ्यासारखं झालं होतं. "आई, तुला कळत कसं नाही?" ती परवाच म्हणाली होती. "त्यांना तू शेजारीण नाहीस. तू त्यांचं बटण आहेस." हियामने तिला ताट वाढत म्हटलं होतं, "बटण तर बटण. पण दाबायचं की नाही हे बटण ठरवतं." ते बोलताना तिला स्वतःचंच कौतुक वाटलं होतं. आता स्टुलाशेजारी उभं राहून तिला वाटलं, बोलून तर बसले, आता ठरव.

फोटोत इतामार होता. फ्रेहाचा नातू. लहानपणी हियामच्या घरी येऊन फ्रीज उघडून उभा राहायचा तो, आणि त्याच्यासाठी खजुराच्या कडबोळ्यांचा डबा खालच्या फळीवर ठेवावा लागायचा. युद्ध सुरू झालं तेव्हा त्याला राखीव तुकडीतून बोलावून घेतलं आणि गाझात पाठवलं. फोटोत त्याच्या अंगावर लष्करी कपडे होते, बंदूक पाठीवर सरकवलेली, आणि तो गॅसपुढे उभा राहून तव्यात टोमॅटोत अंडी फोडत होता. चेहरा तस्साच, फ्रीज उघडून उभा राहणाऱ्याचा. मागे पांढऱ्या फरशा, दर चौथ्या फरशीवर द्राक्षांचा घोस. फळीवर कॉफीच्या जुन्या बरण्यांमध्ये भरलेले मसाले, प्रत्येकीवर चिकटपट्टी आणि अरबीत नाव. सुमाक. जिरं. वेलदोडा. हियामच्या स्वयंपाकघरातही अशाच बरण्या होत्या, चिकटपट्टीसकट. कुणीतरी बाई एक दिवस दुपारी बसून पेनाने ही नावं लिहिते. ती काही सैनिकांसाठी लिहीत नाही.

"दिसला ना?" खुर्चीतून फ्रेहा म्हणाली. तिला वाटलं, हियाम कौतुकाने थांबली आहे. "माझ्या मुलाने काल छापून आणला. घरी अंडं उकडता येत नव्हतं गाढवाला, आता अख्ख्या तुकडीला शकशुका करून घालतो!"

हियामचे डोळे फोटोवरून हलले नाहीत. ती काहीतरी शोधत होती, आणि आपण काय शोधतोय हे तिला जरा उशिरा कळलं. गाझातल्याच खान युनिसमधल्या विदादच्या घरातल्या फरशा हिरव्या होत्या. विदाद तिची मावसबहीण. दोघी समोरासमोर किती वेळा भेटल्या ते हाताच्या बोटांवर मोजता येईल, पण फोनच्या पडद्यावर त्यांनी एकमेकींसमोर बसून कितीक पोती भेंडी निवडली होती. विदाद फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवायची, त्यामुळे तिच्यापेक्षा तिचं स्वयंपाकघरच जास्त दिसायचं. खिडकी डावीकडे. गॅसच्या सिलिंडरला तिने लोकरीचा लाल झगा विणून घातला होता, त्यावरून हियामने तिची यथेच्छ टिंगल केली होती. "त्याला थंडी वाजते का गं?" "वाजते," विदाद म्हणायची, "नवऱ्यापेक्षा तोच जास्त ऊब देतो." फोटोतला सिलिंडर उघडा होता. खिडकी उजवीकडे. विदादचं घर नव्हे हे. हियामचा जीव भांड्यात पडला.

आणि दुसऱ्याच क्षणी तिला स्वतःची शिसारी आली. विदादचं नाही, मग काय झालं? सुमाक लिहिणारी कुणीतरी होतीच ना? तिची कुणी मावसबहीण कुठेतरी बसून हाच फोटो पाहील, आणि फरशीवरचे द्राक्षांचे घोस पाहून तिचा जीव भांड्यात पडणार नाही. हियामने विदादला पाठवलेल्या शेवटच्या निरोपापुढे कितीतरी दिवस एकच करडी खूण होती. पोचला नाही, एवढंच त्यातून कळायचं. लॅबमध्ये ती मेण तापवताना मध्येच फोन उलटा करून बघायची आणि पुन्हा पालथा ठेवायची. कुणाला सांगितलं नव्हतं. समोरच्या टेबलावरची रोनित, जी पूर्वी दर शनिवारी शांततेचे फलक घेऊन चौकात उभी राहायची, तिची मैत्रीण सात ऑक्टोबरच्या हल्ल्यात सीमेलगतच्या वस्तीत मारली गेली. तेव्हापासून रोनित रेडिओ लावून काम करायची, आणि एकदा मान वर न करता म्हणाली होती, "मी चुकत होते इतकी वर्षं. तुझ्याबद्दल नाही म्हणत मी." 'तुझ्याबद्दल नाही' हे दोन शब्द हियाम दिवसभर चघळत राहिली होती. धाकट्या भावाचं मत निराळंच. तो म्हणायचा, तोंडाला कुलूप लाव, फोनवर कशालाही अंगठा दाखवू नकोस, लोकांच्या नोकऱ्या गेल्यात त्यापायी. हेही दिवस जातील. लमीस म्हणायची, दिवस जात नसतात, घालवावे लागतात. आणि हियाम सगळ्यांच्या मध्ये बसून मूग गिळत होती. त्यातही ती तरबेज झाली होती. आडून बोलणं फक्त फ्रेहाच्या धर्मात होतं असं थोडंच आहे. या शहरात तिच्या लोकांनी उभा जन्म त्यावरच काढला होता. घरात एक, जिन्यात दुसरं, बसमध्ये काहीच नाही.

"कुणाचं घर आहे ते, मावशी?" तिने विचारलं.

"कुणाचं म्हणजे?"

"फोटोतलं."

"तिथलंच कुणाचंतरी. रिकामं होतं. निघून गेले होते ते लोक." फ्रेहाने शालीची टोकं आवळली. "सूप निवत चाललंय बाई," ती म्हणाली, हॉटप्लेटकडे न बघता.

"हो, निवणारच," हियाम म्हणाली.

मग तिने स्टूल बाजूला सारलं आणि टेबलाची दुसरी खुर्ची ओढून, कोट न काढताच, फ्रेहासमोर बसली. वीज लावल्याशिवाय ती या घरात कधी बसली नव्हती. मेणबत्त्या अर्ध्याहून खाली आल्या होत्या. त्या संपल्या की म्हातारी उद्या संध्याकाळपर्यंत अंधारात, गारठ्यात, आणि तिच्या छातीत कफ. हे हियामला कळत होतं. फ्रेहाला ते हियामला कळतंय हेही कळत होतं. दोघींच्या मध्ये टेबलावर निळ्या काठाची थाळी होती, रुमालाने झाकलेली. त्याखाली हियामसाठी तिळाची बिस्किटं. ती थाळी गेली कित्येक वर्षं जिन्यावरून वरखाली करत होती आणि कधी रिकामी परतली नव्हती. तिची गोष्ट फ्रेहाने फार पूर्वी, अशाच एका शुक्रवारी, हसतहसत सांगितली होती. मोरोक्कोतल्या मेकनेसहून बोटीने आलेल्या आठ वर्षांच्या फ्रेहाला आणि तिच्या भावंडांना हैफात वादी सलीबमधलं एक घर मिळालं. अरबांचं घर, अरब अठ्ठेचाळीसच्या लढाईत परागंदा झालेले. कपाटात थाळ्या होत्या. फ्रेहाची आई परधर्मीयांच्या भांड्यांत जेवायला तयार होईना. ती भांडी आधी वाहत्या पाण्यात किंवा समुद्रात बुडवून शुद्ध करावी लागतात. तेव्हा ती पोरं थाळ्या डोक्यावर घेऊन बंदरापलीकडच्या खडकांवर गेली, आणि आईने एकेक थाळी समुद्रात बुडवून आशीर्वाद म्हटला. दोन निसटून बुडाल्या. फ्रेहाला मार बसला. हियाम तेव्हा पोट धरून हसली होती, दोन थाळ्या गेल्या म्हणून. समुद्राने थाळी कुणाची होती हे काही धुऊन जात नाही, हे तिच्या मनात आलं होतं की नव्हतं? आलं असणार. तिने ते बिस्किटाबरोबर खाऊन टाकलं असणार.

"तुला राग आलाय," फ्रेहा म्हणाली.

"आलाय."

"माझ्या नातवाचा?"

"मावशी, माझी मावसबहीण आहे तिथे. खान युनिसला. विदाद. तिचा पत्ता लागत नाहीये, कधीपासून."

हे वाक्य इतकं सोपं असेल असं हियामला वाटलं नव्हतं. लॅबमध्ये, बसमध्ये, भावाशी, कुणाशी जे बोलायचं नाही म्हणून दातखीळ बसल्यासारखी ती वावरत होती, ते या अर्ध्या अंधारात जेमतेम एका श्वासात बाहेर आलं. फ्रेहाने मान वर केली. मेणबत्तीची ज्योत तिच्या चष्म्यात दोन ठिकाणी दिसत होती.

"तुझी कुणी आहे तिथे, हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"याफाहून बोटी सुटल्या तेव्हा माझी आई हैफाला आत्याकडे होती म्हणून राहिली. मोठी मावशी, विदादची आई, बोटीत बसली ती गाझात उतरली. हे मी तुम्हाला सांगितलंय. तुम्ही विसरलात."

"विसरले नाही. ती म्हातारी वारली असेल असं धरून चालले." फ्रेहा पुढे झुकली, आणि तिच्या आवाजात एकदम धार आली. "आणि तू? सात ऑक्टोबरला ओफाकीम गावात माझ्या भावाचा नातू मारला त्यांनी, घराच्या दारात. चोवीस वर्षांचा. मी सात दिवस तिकडे सुतकाला बसून आले, आणि शुक्रवारी तू खाली आलीस, दिवा लावलास, 'शब्बाथ शालोम मावशी' म्हणालीस आणि वर गेलीस. एक शब्द नाही! मी दार लावून रडले. म्हटलं, हिलाही आतून बरंच वाटलं असेल."

हियामच्या कानशिलात बसल्यासारखं झालं. तो शुक्रवार तिला लख्ख आठवत होता. दाराशी ती उभी राहिली होती, तोंडात वाक्य तयार होतं, आणि मनात आलं होतं, मी 'वाईट झालं' म्हटलं तर ही म्हणेल, तुझ्याच लोकांनी केलं. आणि तसं म्हणाली तर मग मला गाझाबद्दल बोलावं लागेल. म्हणून ती बोलली नव्हती. त्याला ती आदर समजली होती. "बरं नव्हतं वाटलं," ती म्हणाली. "मावशी, त्या पोराला मी ओळखत होते. इथे आला होता, इतामारच्या बरोबर. माझ्याकडची कडबोळी संपवून गेला होता. मला भीती वाटली बोलायची. भीती वाटली, एवढंच. ज्यांनी त्याला मारलं त्यांना मी माझं म्हणत नाही."

"मग कुणाचं म्हणतेस?"

"विदादला माझं म्हणते. आणि त्या बरण्यांवर नावं लिहिणारीला."

"तिच्या नवऱ्याने, भावाने काय केलं असेल ते तुला काय माहीत?"

"तुम्हाला तरी काय माहीत? तिची बरणी दिसते तेवढीच ती मला दिसते."

"आमचं घर नाही का मेकनेसमध्ये कुणी वापरत? चुलीसकट टाकून आलो आम्ही. मी गेले का कुणाच्या नावाने गळा काढायला?"

"तुम्ही दोनदा जाऊन आलात, मावशी. विमानाने. त्या घरातल्या बाईने तुम्हाला पुदिन्याचा चहा पाजला, तुम्ही मला फोटो दाखवलेत. विदादला लग्नापासून वेशीबाहेर पडू दिलं नाही कुणी."

फ्रेहाने तोंड उघडलं आणि मिटलं. दात दातांवर बसल्याचा बारीक आवाज झाला. डावीकडची दाढ अजून नीट बसत होती, हे हियामच्या लक्षात आल्यावाचून राहिलं नाही.

जिन्यात पावलं वाजली आणि लमीस दारात येऊन उभी राहिली. जिन्यातला दिवा तिच्या मागे होता. तिने आईला अंधारात बसलेली पाहिली, कपाटावरचा फोटो पाहिला. तरुण डोळ्यांना तो लगेच कळला. ती अरबीतच बोलली, फ्रेहाला समजतं हे माहीत असून. "हे असं आहे तर. आई, चल वर."

"तू हो पुढे. ही संत्री घेऊन जा."

"हे बघितल्यावरही तू यांचा दिवा लावणार आहेस?"

"अजून लावला नाही," हियाम म्हणाली.

"गारठून मर म्हणावं, तर मी वाईट ठरेन. लावलास, तर तू काय ठरशील ते सांग मला." लमीसचा आवाज शेवटी फाटला. ती खरं तर रडायच्या बेतात होती, आणि हियामला तिचा इतका अभिमान वाटला की तिला मिठी मारायला उठावंसं वाटलं. लमीसने पिशवी उचलली आणि ती गेली. जिन्यातला दिवा आपल्या वेळेला आपोआप विझला.

"मुलीला तोंड आहे," फ्रेहा म्हणाली.

"आहे. देवाची कृपा."

एक मेणबत्ती तडतडली. खोली आता खरोखरच गार झाली होती. हियामला कोटातून गारठा लागत होता, तर शालीतल्या म्हातारीला किती लागत असेल. तिला वाटलं, आता ही एकदाच सरळ म्हणेल, 'हियाम, लाव गं बाई', आणि मी लावीन, आणि सगळं संपेल. ते म्हणायला लावणं हीच का आपल्याला हवी असलेली जीत? या बाईला ऐंशी ओलांडून दोन वर्षं झाली, एकदाही तिने तो नियम मोडला नव्हता, नवरा गेला त्या शनिवारीसुद्धा नाही. तिला मोडायला लावून विदादच्या निरोपापुढची खूण दुहेरी होणार होती काय? हियामला आपली चूक दिसली, अगदी साच्यातला हवेचा फुगा दिसावा तशी. अंधाराबद्दल ती भांडतच नव्हती. अंधारावर अडून बसणं सोपं होतं म्हणून अडून बसली होती. पण जे हवं होतं ते मागायलाही तिची जीभ रेटेना, कारण ते मागून मिळालं तर त्याला काय अर्थ होता.

फ्रेहा खोकली. मग बराच वेळ फोटोच्या दिशेने बघत राहिली. कपाट तबकापासून दोन हातांवर होतं. ज्योत हलली की काचेवर उजेड सरकायचा आणि इतामारचा चेहरा दिसायचा, मग जायचा.

"त्या फोटोची काच," ती शेवटी हळूच म्हणाली, "फार चमकते बाई. डोळ्यांना त्रास होतो."

हियामला कळलं. तिला नाही कळणार तर कुणाला? हाच सूर. गारठा फार आहे, अंधार झालाय, काच चमकते. शरीर सवयीने खुर्चीतून अर्धं उठलंही होतं. दोन पावलं टाकायची, फोटो उचलायचा, खणात त्या शब्बाथच्या घड्याळाशेजारी ठेवायचा, आणि म्हातारीला कधी म्हणावं लागणार नाही की मी तो काढला. अरब शेजारणीने आपल्या मनाने काढला. हियाम पुन्हा खाली बसली.

"मावशी," ती म्हणाली, आणि आपला आवाज इतका स्थिर आहे याचं तिला नवल वाटलं नाही, "तुमचे सगळे नियम मला पाठ आहेत. विस्तवाला हात लावायचा नाही, विजेला नाही, मेणबत्तीच्या तबकाला नाही. फोटो तबकात नाहीये. फोटो उचलायला शब्बाथची आडकाठी नाही."

फ्रेहाने तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग होता, आणि चोरी पकडली गेलेल्या पोरीसारखं काहीतरी. "माझा नातू आहे तो."

"माहीत आहे. त्याने सुखरूप घरी यावं असं मलाही वाटतं. त्याच्यासाठी डबा अजून खालच्या फळीवर असतो."

"रोज रात्री त्याच्यासाठी म्हणते मी प्रार्थना."

"म्हणा. पण हे तुम्हीच करायचं."

फार वेळ गेला असं हियामला वाटलं. मेणबत्तीकडे पाहता तितका गेला नसावा. मग फ्रेहाने टेबलाच्या कडेला दोन्ही तळवे टेकले आणि ती उठली. गुडघे वाजले. हियाम मदतीला उठली नाही, आणि ते न उठणं तिला दिवसभराच्या कामापेक्षा जड गेलं. म्हातारी कपाटापाशी गेली, फोटो काढून डोळ्यांजवळ धरला. अंगठ्याने तिने नातवाचा चेहरा पुसला. मग तो अंगठा बाजूला सरकला, फळीवर, त्या बरण्यांवरून एकेक करत. तिला अरबी वाचता येत नव्हतं; बोलता यायचं फक्त.

"काय लिहिलंय यावर?"

"सुमाक," हियाम बसल्या जागेवरून म्हणाली. "मग जिरं. मग वेलदोडा."

"आणि ही टोकाची?"

"ती दिसत नाही. त्याच्या कोपरामागे आहे."

फ्रेहाने मान हलवली. फोटो कुठे ठेवावा हे तिला सुचेना. खणाकडे हात नेला, मागे घेतला, आणि अखेर तो शालीच्या आत, छातीशी धरून ती परत खुर्चीत येऊन बसली. रिकाम्या हाताने तिने थाळीवरचा रुमाल बाजूला केला आणि थाळी हियामकडे सरकवली. निळा काठ एका ठिकाणी उडालेला होता.

"ही घेऊन जा आज," ती म्हणाली. "आणि परत आणू नकोस."

"ही माझी नाही, मावशी."

"माझी तरी कुठे आहे," फ्रेहा म्हणाली.

हियामने एक बिस्कीट उचललं, मोडलं, अर्धं तिच्या हातावर ठेवलं. ते खाऊन झालं. मग ती उठली, स्टूल पुन्हा दारापाशी ओढलं, वर चढली आणि पेटीतला खटका वर सारला. दिवा लागला, दोघींनी डोळे मिचकावले. पाण्याचं भांडं गुरगुरायला लागलं. खाली उतरून तिने त्याची पिन काढून ठेवली, म्हणजे पुन्हा भार यायचा नाही, आणि मग खोलीच्या कोपऱ्यात जाऊन, वाकून, वीज गेली की बंद पडणाऱ्या हीटरचं बटण दाबलं.

थंडीबद्दल त्या संध्याकाळी फ्रेहा एक अक्षरही बोलली नव्हती.